अकरा ओळी आणि सगळ्यांचं कोठार

मोबाईलवर पैसे पाठवताना किंवा एसटीचं तिकीट काढताना वाटतं, हे ॲप कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून लिहिलं असेल. तसं नसतं. पुरणपोळी करायची म्हणून आपण हरभरा पेरायला घेत नाही. डाळ दुकानातून, पीठ गिरणीतून येतं. प्रोग्रॅम लिहिणारेही तेच करतात. तारीख नीट दाखवणं, फोटो लहान करणं, अशा कामांचे तुकडे आधीच कुणीतरी लिहून ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ती ठेवायचं सामाईक कोठार इंटरनेटवर असतं आणि बहुतेक माल फुकट मिळतो.

हा माल आणून जोडण्याचं काम बिल्ड टूल नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याला यादी द्यायची. पण यादीत आपण नुसतं ‘गोडा मसाला’ लिहितो, आणि आत दगडफूल, तीळ, खोबरं किती काय असतं! तसंच एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. शेवटी काय काय आलं, हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

२२ मार्च २०१६ ला हे जगाला कळलं. जावास्क्रिप्ट या भाषेचं कोठार आहे एनपीएम. तिथं अझर कोचुलू या प्रोग्रॅमरचं ‘किक’ नावाचं एक पॅकेज होतं. त्याच नावाच्या एका कंपनीनं नावावर हक्क सांगितला आणि कोठार चालवणाऱ्यांनी ते नाव कंपनीला दिलं. कोचुलू रागावले आणि त्यांनी आपली सगळी, अडीचशेहून जास्त पॅकेजं काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं. अवघ्या अकरा ओळींचं! काम एवढंच की ४२ असेल तर डावीकडे शून्यं लावून ०००४२ करायचं. आपण पासबुकात हातानं लिहितो तसं. पण त्या अकरा ओळींवर दुसरी पॅकेजं, त्यांच्यावर तिसरी अशी उतरंड उभी होती. तयार असलेली ॲप चालू राहिली, पण नवी जोडणी जगभर अडली. 

दहाएक मिनिटांत दुसऱ्या एकानं तसंच पॅकेज आणून ठेवलं. तरी अडचण सुटेना. कारण पुष्कळ याद्यांत जुन्या आवृत्तीचा नेमका आकडा लिहिलेला होता, आणि बिल्ड टूल आकडा सोडून दुसरं उचलत नाही. शेवटी एनपीएमनं जुनंच परत ठेवलं. सुमारे अडीच तास हा गोंधळ चालला.

आम्हाला कोचुलूंचा राग समजतो. आपण फुकट दिलेल्या वस्तूवरचा हक्क असा काढला तर कुणाला बरं वाटेल? पण ज्यांचं काम अडलं त्यांचा भांडणाशी संबंधच नव्हता. पुढं एनपीएमनं नियम बदलला: काही काळ उलटलेलं पॅकेज नुसतं मनात आलं म्हणून काढता येणार नाही. रस्ट भाषेच्या कोठारात याहून शहाणी सोय आहे, असं आम्हाला वाटतं. तिथं खराब आवृत्तीवर खूण करतात. नव्यानं कुणी ती निवडत नाही, पण जुन्या पक्क्या यादीत ती असेल त्यांना मिळत राहते. ही पक्की यादी कार्गो नावाचं तिथलं बिल्ड टूल स्वतःच लिहून ठेवतं.

दुसरी गोष्ट २०१८ ची, आणि ही जास्त काळजीची. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज आठवड्याला वीसेक लाख वेळा उतरवलं जायचं. सांभाळणारा एकटा, बिनपगारी, आणि स्वतः ते वापरणंही त्यानं सोडलेलं. एका अनोळखी माणसानं ‘मी बघतो’ म्हटलं आणि त्यानं किल्ली दिली. नव्या माणसानं आत चोरटा भाग घातला. एका पाकीट-ॲपमधलं बिटकॉइन पळवण्यासाठी. एका वापरणाऱ्याला वेगळीच सूचना दिसली, त्यानं चौकशी केली, म्हणून ते उघड झालं.

गटाच्या तिजोरीला तीन किल्ल्या तिघींकडे का असतात, हे तुम्हाला सांगायला नको. या कोठारांतही आता कडी घट्ट होते आहे. पायथॉन भाषेच्या कोठारात २०२४ पासून नुसत्या पासवर्डवर माल ठेवता येत नाही. आपल्या ओटीपीसारखा दुसरा पुरावा लागतो. सांभाळणाऱ्याला मेहनताना कुणी द्यायचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी अजून ठरलेलं नाही.