कोचीचा कलाहंगाम: बंदरातल्या वखारी आपल्या मुलांना काय सांगतात?

सुटीत मुलांना कुठं न्यायचं हा विषय घरात निघाला की किल्ला, समुद्रकिनारा, एखादा दर्गाह, मामूचं किंवा खालाचं घर अशी नावं पुढे येतात. कलाप्रदर्शनाचं नाव कुणी घेत नाही. ‘तिथं आपलं काय काम?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘तिथं तसबिरी असतील, मग कसं?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. केरळच्या कोची बंदरात भरणारा ‘कोची-मुझिरिस बिनाले’ हा कलाहंगाम समजून घेतला, तर दोन्हींची उत्तरं सापडायला मदत होते.

बिनाले म्हणजे काय?

‘बिनाले’ हा मूळ इटालियन शब्द आहे. दर दोन वर्षांनी होणारा, एवढाच त्याचा अर्थ. व्हेनिस शहरात १८९५ मध्ये अशा प्रदर्शनाची सुरुवात झाली. आपल्या देशात कोचीचा पहिला बिनाले १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला. तारीखही लक्षात राहण्यासारखी, १२-१२-१२! बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे त्याचे संस्थापक. दोघेही मूळचे केरळचे, पण कला शिकले मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये.

प्रत्येक हंगामाला एक क्युरेटर असतो. कोणते कलाकार बोलवायचे, कोणती कलाकृती कुठं मांडायची आणि सगळ्यांना जोडणारा विचार कोणता, हे तो ठरवतो. २०१४ चे क्युरेटर जितीश कल्लाट आणि २०१६ चे सुदर्शन शेट्टी हेही जे. जे. मध्येच शिकलेले. म्हणजे या केरळच्या हंगामाची मुळं थोडीफार आपल्या मुंबईतही आहेत. २०१८ ची जबाबदारी अनिता दुबे यांच्याकडे होती. कोरोनामुळे २०२० चा हंगाम लांबला आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये शुबिगी राव यांच्या देखरेखीखाली भरला. सहाव्या हंगामाची धुरा गोव्यात काम करणारे निखिल चोप्रा आणि त्यांच्या कलाकार गटाकडे सोपवण्यात आली. त्याचा काळ १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ असा जाहीर झाला.

नावात ‘मुझिरिस’ का?

मुझिरिस हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं मलबार किनाऱ्यावरचं बंदर. रोमन आणि अरब व्यापारी इथून काळी मिरी न्यायचे. पुढे हे बंदर संपलं. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, किनाऱ्याची रचना बदलली आणि कोचीचं बंदर पुढे आलं, असं मानलं जातं. कोचीच्या उत्तरेला पट्टनम या गावात २००७ पासून उत्खनन झालं. त्यात रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या, मणी आणि पश्चिम आशियातली भांडी मिळाली. हेच मुझिरिस असावं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

याच परिसरात कोडुंगल्लूरची चेरमान जुमा मशीद आहे. ती इ.स. ६२९ मध्ये बांधली गेली असं परंपरा सांगते. तारखेबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र अरब व्यापारी या किनाऱ्यावर इस्लामच्याही आधीपासून येत होते आणि इस्लाम इथं व्यापाराच्या गलबतांतून आला, याबद्दल फारसा वाद नाही.

‘मुसलमान इथं तलवार घेऊनच आले’ हे वाक्य आपल्या मुलांच्या कानावर शाळेत, मोबाइलवर, बसमध्ये पडत असतं. त्याला भाषणानं उत्तर देता येतं, पण मूल ते विसरतं. मिरीची वखार आणि समुद्रातून आलेल्या भांड्याचा तुकडा डोळ्यांनी पाहिला, तर विसरत नाही.

वखारी झाल्या संग्रहालय

या हंगामासाठी वेगळी इमारत बांधलेली नाही. फोर्ट कोचीतलं ॲस्पिनवॉल हाउस हे त्याचं अनेक हंगामांतलं मुख्य ठिकाण. १८६७ मध्ये सुरू झालेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या कंपनीची ही जागा. इथून मिरी, सुंठ, हळद, लाकूड, गवती चहाचं तेल आणि नंतर काथ्या, कॉफी, चहा, रबर जहाजांवर चढायचं. पेपर हाउस ही अशीच समुद्राला लागून असलेली, कौलारू छपरांची जुनी वखार. भिंतींना खारा वारा लागलेला आणि खिडकीतून जहाजं दिसतात. जिथं माल ठेवायचे, तिथंच आता कला मांडलेली असते.

काय पाहायला मिळतं?

इथं फक्त चौकटीतली चित्रं नसतात. ‘मांडणशिल्प’ हा प्रकार जास्त दिसतो, म्हणजे वस्तू, आवाज, प्रकाश, पाणी वापरून एक अख्खी जागाच तयार करायची. तीन उदाहरणं पाहू.

२०१२ मध्ये विवान सुंदरम यांनी पट्टनमच्या उत्खननातल्या, अभ्यासकांनी बाजूला ठेवलेल्या खापऱ्या घेतल्या आणि त्यांतून जमिनीवर एक शहर मांडलं. त्यात काळी मिरी आणि पाणीही होतं. हरवलेलं बंदर पुन्हा दिसू लागलं.

त्याच वर्षी सुबोध गुप्ता यांनी केरळची एक मोठी होडी ठेवली. ती खुर्च्या, पलंग, भांडी, सायकल, जाळी अशा संसाराच्या सामानानं काठोकाठ भरलेली होती. या कलाकृतीचं नाव मौलाना रूमींच्या विचारावरून सुचलेलं होतं. घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसाला ही होडी समजावून सांगावी लागत नाही. आखाती देशांत आयुष्य काढलेले चाचा आणि मामू आपल्यात कमी नाहीत.

तिसरं उदाहरण २०१६ चं. चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एका वखारीत समुद्राचं पाणी भरलं. पाहणाऱ्यानं चपला काढून, पाण्यातून चालत, भिंतींवरचे शब्द वाचत पलीकडे जायचं. ही कलाकृती गालिब कुर्दी या सीरियन मुलाला अर्पण केलेली होती. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पडलेल्या छोट्या आयलानचा फोटो साऱ्या जगानं पाहिला. त्याच रात्री त्याचा पाच वर्षांचा भाऊ गालिब आणि त्यांची अम्मीही बुडाली. गालिबचा तसा फोटो जगासमोर आला नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. झुरितांनी त्याचं चित्र काढलं नाही. फक्त पाणी ठेवलं.

तसबिरीचा प्रश्न

सजीवांच्या चित्रांबाबत आपल्यात वेगवेगळी मतं आहेत आणि ज्याला मसला विचारायचा आहे त्यानं आपल्या आलिमांना विचारावा. तो निर्णय देणं हे शिक्षकाचं काम नाही. पण कला म्हणजे फक्त तसबीर, हा समज दूर करणं हे शिक्षकाचं काम जरूर आहे. खत्ताती, मशिदीच्या जाळीतली नक्षी, दस्तरखानावरची कशिदाकारी हीसुद्धा कलाच आहे. वरची तीन उदाहरणं घ्या. खापऱ्या, होडी आणि पाणी. तिन्हींत माणसाचा चेहरा कुठंही समोर ठेवलेला नाही, तरी माणसाचं दुःख पोचतं. ज्या दालनात जायचं नाही, तिथं जाऊ नका. तेवढ्यासाठी सगळा हंगाम सोडण्याची गरज नाही.

मुलांना न्यायचं तर

मुंबई किंवा कोकणातून नेत्रावती एक्सप्रेसनं एर्नाकुळमला जाता येतं, एका रात्रीचा प्रवास आहे. तिथून फोर्ट कोचीला फेरीबोट मिळते. फोर्ट कोची-मट्टनचेरी भागात मशिदी आहेत आणि हलाल जेवणही मिळतं. मुलांसाठी कलेचे वर्ग आणि कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र ‘स्टुडंट्स बिनाले’ हेही या उपक्रमाचे भाग आहेत. दहावीनंतर डॉक्टर-इंजिनिअरशिवाय दुसरं काही असतं का, असं विचारणाऱ्या मुलामुलींनी ते जरूर पाहावं.

सगळं एका दिवसात उरकू नका. एका दिवसात पाच-सहा कलाकृती पुरेत. प्रत्येकीसमोर मुलांना तीनच प्रश्न विचारा: काय दिसतंय? हे कशाचं बनलंय? यावरून घरातलं काय आठवलं? उत्तर चूक की बरोबर, हे ठरवू नका.

आणि कोचीला जाणं जमत नसेल, तर तिसऱ्या प्रश्नापासून घरीच सुरुवात करा. आपल्या कोकणी घरांत नाखुदा, सारंग, तांडेल अशी आडनावं आहेत. तिन्ही गलबतावरच्या कामांची नावं आहेत. दादीच्या पेटीत एखादं बसऱ्याचं भांडं, जहाजाचा जुना पास, आखातातून आलेली पत्रं असतील. मुलांना ती काढून दाखवा, कुणी कधी आणली ते एका कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. दादी सांगायला आहे तोवरच हे काम होईल.