चटणी वाटायची, पिसायची नाही

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हल्ली चटणी 'पिसली' जाते. "आई, चटणी पिसून ठेवली आहे," असं मुलं अगदी सहज म्हणतात. खरं तर मराठीत पिसायचे ते पत्ते, चटणी वाटायची असते. मी घरी असं बोलून दाखवलं की मुलं हसतात आणि म्हणतात, "अर्थ कळला ना? मग झालं!" त्यांचंही चूक नाही. अठराव्या शतकात होळकरांच्या काळात माळव्यात आलेली आपली घरं, इतक्या पिढ्या इथे काढल्यावर हिंदी बोलण्यात येणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण स्वयंपाकघरातले हे शब्द नुसता अर्थ सांगत नाहीत, हात कसा चालवायचा तेही सांगतात. वेलदोडे कुटायचे म्हणजे वरून घाव घालायचे. मिरची ठेचायची म्हणजे दोन-चार दणके देऊन जाडसर ठेवायची. केशर खलायचं म्हणजे हलक्या हातानं गोल फिरवायचं. डाळ भरडायची म्हणजे पीठ होऊ द्यायचं नाही. आणि वाटायचं म्हणजे दाब देऊन पुढे-मागे घासायचं, म्हणजे जिन्नस चिरडला जातो आणि त्याचा रस त्यातच राहतो. या सगळ्यासाठी 'पिसून घे' एवढं एकच सांगितलं, की करण्यासारखं एकच काम उरतं, मिक्सरचं बटण फिरवणं. मग नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेली मुलं फोन करून विचारतात, "चटणी काळी का पडली? वर फेस का आला? कडवट का लागतेय?"

या प्रश्नांची उत्तरं आमच्या घरात निघाली ती एका वादातून.

पाटा न्यायचा की नाही?

गेल्या वर्षी आम्ही रामबागेतलं जुनं घर सोडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. सामानाची बांधाबांध चालू असताना गाडी पाटा-वरवंट्यापाशी अडली. दीर म्हणाले, "घराण्याची वस्तू आहे, सोडायची नाही." मुलीला तो बाल्कनीत हवा होता, वर कुंड्या ठेवायला. मी म्हटलं, ज्यांनी त्यावर वाटलं त्यांना तरी विचारा.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्या म्हणाल्या, "नको गं बाई. चवीचं सगळेच बोलतात. पंधरा माणसांचं वाटण करून मी उठायची, तोवर पहिली पंगत उठलेली असायची. त्या पाट्यानं मला कधी गरम जेवू दिलं नाही."

यावर कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं मुलीनं विचारलं, "पण आजी, चव खरंच वेगळी लागते का?" सासूबाई म्हणाल्या, "पाटा अजून घरात आहे, करून बघा की."

एकच जुडी, तीन वाटण्या

आम्ही कोथिंबिरीची एक मोठी जुडी निवडून, धुऊन, पंचावर कोरडी केली आणि तिचे तीन सारखे भाग केले. मिरच्या, लसूण, दाणे, मीठ, लिंबू सगळं मोजून सारखं घेतलं. पाट्यावर आमचे चिरंजीव बसले, रोज व्यायामशाळेत जाणारे. खलबत्ता मुलीकडे आणि मिक्सर माझ्याकडे.

मिक्सरचं काम मिनिटभरात झालं. पण पाती नुसती हवेत फिरू लागली म्हणून मला तीन चमचे पाणी घालावं लागलं. चटणी फिकट हिरवी झाली, वर बारीक फेस आला आणि भांडं हाताला कोमट लागलं. खलबत्त्यात लसूण-मिरची सुरेख ठेचली गेली, पण पानं बत्त्याखालून निसटून कडेला चढत होती. मीठ आणि दाणे आधी घातल्यावर ती जागेवर राहिली. पाट्यावर पाण्याचा थेंबही लागला नाही. चटणी गडद झाली, थोडी खरबरीत, आणि वास तर बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला. मात्र पाटा धुण्यापासून वाटण गोळा करण्यापर्यंत अर्धा तास गेला आणि चिरंजीव दहाव्या मिनिटालाच पाठ धरून उभे राहिले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं फक्त.

पाट्याची चटणी चवीला सरस ठरली, यात वाद नाही. पण सासूबाईंनी तिन्ही चाखल्या आणि मला म्हणाल्या, "मिक्सर वाईट नाही, तू सगळं एकदम घातलंस. पाट्यावर मी तसं घालत होते का?"

मग त्यांनी सांगितलेल्या क्रमानं मिक्सरवरच पुन्हा चटणी केली. ती पाट्याच्या इतकी जवळ गेली, की दिरांना डोळे मिटून दोन्हींतला फरक ओळखता आला नाही.

क्रम असा

साधारण एक वाटी चटणीसाठी: निवडलेली कोथिंबीर १०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ३-४, लसणाच्या पाकळ्या ४-५, आलं अर्धा इंच, जिरं अर्धा चमचा, भाजून सोललेले दाणे २ मोठे चमचे, मीठ अर्धा ते पाऊण चमचा, साखर चिमूटभर आणि अर्ध्या लिंबाचा रस. पुदिना आवडत असेल तर कोथिंबिरीच्या पाव पट घ्या. कोथिंबिरीचे कोवळे देठ जरूर घाला, त्यांत भरपूर स्वाद असतो. पुदिन्याची मात्र नुसती पानं घ्या, त्याचे देठ चरबट लागतात.

मिक्सरचं सगळ्यात लहान, चटणीचं भांडं घ्या. आधी कोरडं, म्हणजे जिरं, दाणे आणि मीठ फिरवून जाडसर करा. त्यात मिरची, आलं आणि लसूण घाला. हे भरड झालं की चिरलेली कोथिंबीर दोन हप्त्यांत घाला आणि पाण्याऐवजी बर्फाचे एक-दोन खडे टाका. बटण सलग फिरवत ठेवू नका. तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, कडा चमच्यानं खाली ओढा, पुन्हा फिरवा. असं पाच-सहा वेळा केलं की पुरे. लिंबू आणि साखर सर्वांत शेवटी, हातानं मिसळून.

आता यामागची कारणं पाहू. मिक्सरची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. पाटा पान चिरडतो, पाती ते कापतात, आणि सलग फिरवल्यावर चटणीत हवा मिसळून उष्णताही तयार होते. हवेच्या बारीक बुडबुड्यांनी रंग फिका दिसतो. कोथिंबिरीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती लवकर उडून जाणारी असतात, ऊब लागली की आधी तीच जातात. म्हणून बर्फ आणि म्हणून थांबत थांबत फिरवणं. मीठ आधी घातल्यानं पानांना त्यांचंच पाणी सुटतं आणि वरून पाणी कमी लागतं. दाणे चटणीला अंग देतात आणि सुटलेलं पाणी धरून ठेवतात. दाणे चालत नसतील तर तेवढंच डाळवं घाला.

काळी पडण्याचं कारण वांग्यासारखंच आहे. पान कापलं की त्यातले विकर आणि हवेतला प्राणवायू यांची गाठ पडते. पुदिन्यात हे फार भराभर होतं. लिंबाच्या आंबटपणामुळे ही क्रिया मंदावते. पण आंबटात फार काळ राहिलं की हरितद्रव्यही बदलतं आणि हिरवा रंग मेंदीसारखा मळकट होतो. म्हणून ताजी चटणी ताजीच खावी. फ्रिजमध्ये ठेवायची तर काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवेला जागा राहत नाही, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. जास्त झालीच तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एक-एक खडा काढा. दही घालायचं असेल तर ते वाढताना घाला.

चटणी तिखट झाली तर पाणी घालून उपयोग नाही, कारण मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्धात विरघळतं. साईचं दही किंवा आणखी थोडे दाणे घाला. मिरचीच्या आतला पांढरा गाभा आधीच काढला तर हा प्रश्नच येत नाही, तिखटपणा मुख्यतः त्यातच असतो.

ज्यांच्याकडे मिक्सर नाही त्यांच्यासाठी

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांनो, तुमच्यासाठी ही चौथी पद्धत. मुलगी बंगळुरूला परत जाण्याआधी आम्ही तिच्यासाठीच ती बसवली.

पोळपाटावर किंवा फळीवर लसूण, मिरची आणि मीठ घ्या. जाड बुडाच्या स्टीलच्या पेल्यानं किंवा वाटीच्या बुडानं दाबून ठेचा. मीठ इथे वाळूचं काम करतं, त्यामुळे लसूण घसरत नाही. लसूण ठेचला की त्याचा उग्र वास नव्यानं तयार होतो, अख्ख्या पाकळीला तो नसतो, म्हणून आधी नीट ठेचा. मग त्यावर कोथिंबीर ठेवून धारदार सुरीनं अगदी बारीक चिरा. बोथट सुरीनं पानं चेंगरतात आणि लवकर काळी पडतात. पुन्हा पेल्यानं दोन-चारदा दाबा, दाण्याचं कूट आणि लिंबू मिसळा. सगळं मिळून दहा मिनिटं. ही चटणी गुळगुळीत होणार नाही. तिला ठेचा म्हणा आणि ब्रेडवर, खिचडीवर, उकडलेल्या बटाट्यावर खा.

तुम्ही आवडीनं खाता तो पेस्टोही याच कुळातला. इटलीतल्या जेनोवा भागात तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं करत आले आहेत, आणि त्याच्या नावाचा मूळ अर्थ 'कुटलेलं' असाच आहे. तिथे बेझिलची पानं, पाइनचे दाणे, चीज आणि ऑलिव्ह तेल. आपल्याकडे कोथिंबीर, शेंगदाणे आणि लिंबू. इंदूरला भुट्ट्याच्या किसाबरोबर किंवा खोपरा पॅटिसबरोबर ही हिरवी चटणी लागतेच. गोव्याच्या घरांत कोथिंबीर, मिरची, आलं, लसणाचं हिरवं वाटण काफ्रेआलमध्ये जातं. बेळगावकडे मिरची-लसणाचा खर्डा होतो, वडोदऱ्याला थंडीत हिरव्या लसणाची चटणी, आणि हैदराबादेत अंबाडीच्या पाल्याची. आपण जिथे गेलो तिथला पाला आपल्या वाटणात आला.

पाट्याचं काय झालं?

सासूबाईंनीच निकाल दिला. पाटा देवासच्या नणंदेकडे गेला. तिच्याकडे अंगण आहे आणि तिला तो मनापासून हवा होता. तिथे त्याला टाकी लावून घेतली आहे आणि हौस आली की तिच्या घरचे वाटतात, रोज नाही. वरवंटा मात्र सासूबाईंनी ठेवून घेतला. पाचवीच्या पूजेला तो लागतो, बारशाला बाळाआधी त्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, आणि पुतण्याकडे लवकरच पाळणा हलणार आहे. देवासला नवा वरवंटा बाजारातून आणला.

जुन्या वस्तूंबद्दल आपण हळवे होतो, ते चांगलंच आहे. पण त्या वस्तूंपुढे बसून कोणाची पाठ मोडली तेही लक्षात असू द्यावं. आपल्या स्वयंपाकघरांचा विचार करून सत्यप्रकाश माथूर यांनी १९६०च्या दशकात 'सुमीत' मिक्सर बनवला. परदेशी यंत्रं आपल्या ओल्या-कोरड्या वाटणांसाठी बनलेलीच नव्हती. आमच्या घरी तो पहिल्यांदा आला त्या दिवशी आपण दुपारी झोपलो होतो, हे सासूबाई अजूनही आनंदानं सांगतात. त्यांना पाट्याची आठवण येत नाही. त्यांना आठवतं ते काय आधी घालायचं आणि कुठे थांबायचं. तेवढं त्यांच्याकडून शिकून घेतलं, तर पाटा नसला तरी चालतं.

तेव्हा येत्या रविवारी कोथिंबिरीची एक जुडी आणा. घरात आजी किंवा आई असेल तर वाटायच्या आधी तिला क्रम विचारा, प्रत्येक घराचा थोडा वेगळा निघेल. दुसऱ्या कोणी थालीपीठं लावायला घ्यावी, एकानं चटणी वाटावी, मुलगा असो की मुलगी. आणि तव्यावरचं पहिलं गरम थालीपीठ ज्यानं चटणी वाटली त्याच्या पानात वाढा.