बर्गरमधील उष्मांक आणि पोषण

बंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर-सर्जापूर रोड या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले तरुण येथे मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मराठी भाषकही आहेत. घरापासून दूर असलेल्या आणि स्वयंपाकास वेळ न मिळणाऱ्या माणसाच्या बाबतीत बर्गर हा कधीतरी चाखावयाचा पदार्थ राहत नाही. तो रात्रीच्या जेवणाची जागा घेतो. अशा वेळी तो जेवणाचे कार्य कितपत पार पाडतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे केवळ आवडीनिवडीचा विषय म्हणून पाहता येत नाही.

उष्मांकांचे मोजमाप

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेला किलोकॅलरी म्हणतात. आहारशास्त्रात उष्मांक या शब्दाने हेच परिमाण अभिप्रेत असते. एक ग्रॅम प्रथिनांपासून किंवा कर्बोदकांपासून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. २०२० च्या भारतीय प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे २,११० उष्मांक व ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे सुमारे १,६६० व ४६ असे आहेत.

बर्गरचे घटक

बर्गरचा पाव बहुधा मैद्याचा असतो. साठ ग्रॅमच्या पावातून सुमारे १६० उष्मांक मिळतात, मात्र तंतुमय अंश अल्पच असतो. पावाच्या आतील टिक्कीचे मूल्य ती कशाची आहे आणि कशी शिजविली आहे, यावर अवलंबून असते. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात जेमतेम २ ग्रॅम, तर तेवढ्याच पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात; परंतु पनीरमध्ये स्निग्धांशही भरपूर असतो. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचे मांस शिजविल्यावर शंभर ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि स्निग्धांश थोडाच असतो. चुरा लावून तळलेली टिक्की तेल शोषून घेते. तीच टिक्की तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजली, तर तेल कमी लागते, शिवाय मांसातील काही चरबी वितळून बाहेर पडते. सर्वांत फसवा घटक म्हणजे मेयॉनेज. तिच्या एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० उष्मांक असतात व ते जवळजवळ सर्व तेलाचे असतात. चीजच्या एका चकतीने आणखी साठेक उष्मांकांची भर पडते.

शाकाहारी म्हणजे हलका काय?

शाकाहारी बर्गर पचनास व शरीरास हलका, असा समज सर्वत्र आढळतो. मॅकडोनल्ड्सने भारतातील आपल्या पदार्थांविषयी प्रसिद्ध केलेल्या एका पोषणतक्त्यातील आकडे या समजाला पुष्टी देत नाहीत. त्यात बटाट्याच्या टिक्कीच्या बर्गरचे सुमारे ३४०, कोंबडीच्या मसालेदार बर्गरचे सुमारे ४५०, तर पनीरच्या मसालेदार बर्गरचे सुमारे ६५० उष्मांक दिले आहेत. पनीर व कोंबडी या दोन्ही बर्गरांतील प्रथिने मात्र वीस-एकवीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सारखीच आहेत. फरक आहे तो स्निग्धांशाचा: पनीरच्या बर्गरमध्ये तो ३९ ग्रॅम, तर कोंबडीच्या बर्गरमध्ये १९ ग्रॅम आहे.

बटाट्याचा बर्गर या तिघांत सर्वांत कमी उष्मांकांचा असला, तरी त्यात प्रथिने साडेआठ ग्रॅमच आहेत. पिष्टमय पावात पिष्टमय टिक्की, अशी त्याची रचना असल्यामुळे तो खाल्ल्यावर लवकर भूक लागण्याचा संभव असतो. मुंबईच्या वडापावाचेही नेमके असेच आहे. वड्यावरील बेसनाच्या आवरणातून थोडी प्रथिने मिळतात, परंतु मुख्य भर बटाटा, पाव आणि तळणीचे तेल यांवरच राहतो. स्वस्त व पोटभरीचा पदार्थ म्हणून त्याची योग्यता निर्विवाद आहे. परंतु रोजच्या जेवणातील आमटीची उणीव तो भरून काढू शकत नाही.

सोबतचे पदार्थ आणि मीठ

पुष्कळदा बर्गरपेक्षा त्याच्या सोबतीला घेतलेले पदार्थच अधिक भारी पडतात. बटाट्याच्या तळलेल्या कापांच्या मध्यम पुड्यातून सुमारे ३०० उष्मांक मिळतात. ३३० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० उष्मांक असतात. अशा रीतीने साडेचारशे उष्मांकांचा बर्गर घेणारा माणूस प्रत्यक्षात नऊशेच्या घरात जातो. मिठाचाही विचार करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम पोटात जावे. वर उल्लेखिलेल्या पनीरच्या बर्गरमध्ये सुमारे १,०७५ मिलिग्रॅम, म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा असतो.

ग्राहकाच्या हाती काय आहे?

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी खाद्यपदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थाचे उष्मांक द्यावेत, असा नियम भारतात २०२२ पासून लागू झाला आहे. एखाददुसरी शाखा असलेल्या लहान दुकानांवर सामान्यतः असे बंधन नाही. तेथे ग्राहकाने घटकांवरूनच अंदाज बांधला पाहिजे: टिक्की तळलेली की भाजलेली, एक की दोन, चीज किती, मेयॉनेज किती. यादीत उष्मांकांचा आकडा दिलेला असला, तरी त्यावरून प्रथिने, तंतू किंवा मीठ यांचे प्रमाण कळत नाही. भाजलेल्या कोंबडीचा किंवा कडधान्याच्या टिक्कीचा बर्गर, मेयॉनेज बेताची, तळलेल्या कापांऐवजी कोशिंबीर आणि कोलाऐवजी पाणी किंवा ताक, एवढा बदल केला, तर तोच पदार्थ जेवणाच्या बराच जवळ येतो.