पूल खालून बघावा

पुलांची तपासणी हे माझं रोजचं काम, त्यामुळे कुठलाही पूल मी आधी खालून बघते. चीनच्या हबेई प्रांतात, झाओ परगण्यातल्या आन्जी पुलापाशीही कठड्यावरचे कोरीव ड्रॅगन नंतरसाठी ठेवले आणि नदीकाठी उतरले. कमानीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर रेघा होत्या. मोजत गेले, तर दगडी पट्टे भरले २८.

इ.स. ६०५च्या सुमारास, सुई राजवटीत हा पूल पुरा झाला. बांधणारा ली चुन. तांग काळातल्या झांग ज्याझेन या अधिकाऱ्याच्या लेखामुळे त्याचं नाव टिकलं. नाहीतर लोककथा सारं श्रेय लू बान या पुराणपुरुषाला देते. एक सिद्धपुरुष गाढवावर चंद्र-सूर्य लादून आला, पूल डगमगला, तेव्हा लू बानने खाली उडी मारून हाताने तो तोलून धरला म्हणे.

कमान एकच, गाळा सुमारे ३७ मीटर, उंची मात्र जेमतेम ७. अर्धवर्तुळाकार केली असती तर ती १८ मीटर वर गेली असती आणि गाड्यांना चढ जड गेला असता. पण कमान जितकी चपटी, तितकी ती दोन्ही काठांना जास्त रेटते. म्हणून ली चुनने दोन्ही खांद्यांवर भरीव दगडकाम न करता दोन-दोन छोट्या कमानी सोडल्या. वजन घटलं, पुराच्या पाण्यालाही वाट मिळाली.

पट्टे सुटे असल्याने एकाखालचं सेंटरिंग काढून दुसऱ्याखाली सरकवता येतं. ते एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून शेजारच्या दगडांत डमरूच्या आकाराचे लोखंडी तुकडे बसवले. पूल मधोमध किंचित अरुंद ठेवला, म्हणजे कडेचे पट्टे आत कलतात.

काळाच्या ओघात कडेचे काही पट्टे कोसळले, तरी पूल उभा राहिला. १९५०च्या दशकात ते नव्याने बांधले, कठड्याचे कोरीव दगड नदीच्या गाळातून वर काढले. १९६६चा शिंगताईचा मोठा भूकंपही त्याने सोसला.

तिथून आल्यापासून नव्या पुलाचा नकाशा समोर आला की मी आधी विचारते : यातलं काय पडलं तर बाकीचं उभं राहील, आणि पडलेलं पुन्हा बसवता येईल का?