हाली, कलदार आणि नये पैसे

आमच्या घरातला टपाल तिकिटांचा संग्रह छंदातून नव्हे, काटकसरीतून उभा राहिला. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. आलेल्या पत्राची कोरी बाजू हिशेबाला घ्यायची, पाकीट उलटे करून त्याचेच पुन्हा पाकीट करायचे आणि उरलेले तिकीट जमाखर्चाच्या एका जुन्या वहीत डिंकाने चिकटवायचे, असा त्यांचा शिरस्ता. ती वही पुढे वडिलांकडे आली (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) आणि अण्णांच्या माघारी माझ्याकडे. वाटणीच्या वेळी तिच्यावर कोणी हक्क सांगितला नाही. ‘बघ, लाखांची निघेल,’ असे आत्या म्हणाली खरी, पण त्यात थट्टाच जास्त होती. लाखांची ती नाहीच. डिंक, कसर आणि पावसाळे यांनी तिचा बाजारभाव केव्हाच उतरवला आहे. तरीही मी तिच्यात भर घालत राहिलो, आणि वहीत काय आहे हे मला त्या निमित्तानेच कळत गेले.

पहिली पाने निजामाची. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतःचे होते आणि त्याने १८६९ मध्ये पहिले तिकीट काढले. ग्वाल्हेर, पतियाळा, चंबा यांसारख्या संस्थानांनी इंग्रजांचीच तिकिटे घेऊन त्यांवर आपले नाव छापून घेतले. हैदराबाद किंवा त्रावणकोर यांचा कारभार निराळा. तिकीट त्यांचे, नक्षी त्यांची, दरही त्यांचे. मात्र ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. त्यामुळे औरंगाबादहून परभणीला पत्र धाडायचे तर निजामाचे तिकीट आणि पुण्याला धाडायचे तर इंग्रजांच्या टपाल कचेरीतून जॉर्ज बादशहाचे, अशी तऱ्हा होती. आजोबांच्या वहीत म्हणूनच दोन बाजू पडल्या आहेत. जमेच्या रकान्यात ‘हाली’ असे लिहून निजामाची तिकिटे आणि नावेच्या रकान्यात ‘कलदार’ असे लिहून जॉर्जची. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब तेव्हा मराठवाड्यातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असे. जॉर्ज बादशहाला आजोबांनी खर्चाच्या बाजूला टाकले, यात काही खोच होती की नुसता योगायोग, हे विचारायचे राहूनच गेले.

निजामाच्या तिकिटांवर निजाम नाही. जगातल्या श्रीमंतांत ज्याची गणना व्हायची त्या मीर उस्मान अलीने आपल्या तिकिटांवर स्वतःचा चेहरा कधी येऊ दिला नाही. तिथे अक्षरे असायची, नक्षी असायची, नाहीतर इमारती. १९३१ मध्ये निघालेली मालिका मला त्या सगळ्यांत देखणी वाटते. एक आण्याला चारमिनार, दोन आण्यांना उच्च न्यायालय, चार आण्यांना उस्मानसागर तलाव, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांना बिदरचा मदरसा आणि रुपयाला दौलताबादचा मिनार. सहापैकी दोन चित्रे आमच्या जिल्ह्यातली. आजोबांच्या वहीत त्यांतली पहिली तीनच होती. आठ आण्यांचे तिकीट लागेल असे वजनदार टपाल कारकुनाच्या घरी कशाला येणार? अजिंठा मी नंतर एका विक्रेत्याकडून घेतला, दौलताबाद त्याच्याही नंतर. पुढे १५ ऑगस्ट १९४९ ला भारत सरकारने पुरातत्त्व मालिका काढली, तिच्यातही अजिंठा आला आणि तो सर्वांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर, लेण्यातल्या हत्तीच्या रूपाने. निजामाच्या राज्यात आठ आणे मोजल्याशिवाय न दिसणारा अजिंठा स्वतंत्र देशात एका पैशावर आला. हे दोन तुकडे मी आता शेजारी शेजारी लावले आहेत. कॅटलॉगच्या क्रमात ते असे कधीच येणार नाहीत.

वहीत काही तिकिटे अशी आहेत की त्यांवर टपालाचा शिक्काच नाही, शाईची सही आहे. सुरुवातीला ती मी खराब म्हणून बाजूला काढणार होतो. मग तिकिटावरचा छापील मजकूर भिंगाखाली वाचला. हे तिकीट टपालालाही चाले आणि पावतीलाही. म्हणजे कुणीतरी पैसे घेतले, तिकिटावर सही ठोकली आणि पावती निकामी झाल्यावर आजोबांनी तिकीट तेवढे सोडवून घेतले. कॅटलॉग सहीच्या तिकिटाला कवडीचीही किंमत देत नाही. मला मात्र वहीतली सगळ्यांत बोलकी पाने हीच वाटतात. सह्या मोडीत आहेत, उर्दूत आहेत, एक तेलुगूत आहे. संस्थानाच्या अनेक तिकिटांवरही उर्दू, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार लिपी दाटीवाटीने बसवलेल्या दिसतात. एवढ्याशा कागदावर ही कसरत करणाऱ्या छापखान्याचे कौतुक वाटते. राज्यकारभारातही तेवढीच जागा या भाषांना मिळाली असती तर पुढचा इतिहास थोडा निराळा झाला असता.

आता ‘जय हिंद’ तिकिटाविषयी. स्वतंत्र भारताचे हे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले, साडेतीन आण्यांचे, तिरंग्याचे. त्या वेळी हैदराबाद भारतात नव्हते. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना निजाम सरकारने अटक केली होती आणि गावोगाव निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांची दहशत होती. त्या काळात पुण्याच्या कुणा नातेवाइकाने एक कोरे ‘जय हिंद’ तिकीट पत्रात घालून पाठवले. सरकारी नोकराच्या घरात तिरंगा सापडणे म्हणजे नोकरीवर पाणी. आजोबांनी ते तिकीट वहीत लावले, पण दर्शनी नाही. निजामाच्या दोन आण्यांच्या न्यायालयाच्या तिकिटाखाली दडवून. अण्णांना हे ठाऊक होते, कारण आजीने त्यांना सांगितले होते. मी ते वरचे तिकीट अजून सोडवलेले नाही. उजेडासमोर पान धरले की खालच्या तिकिटाची कड दिसते, तेवढे पुरे. एका जाणकार संग्राहकाने मला सल्ला दिला की वाफेवर धरून दोन्ही अलग करा, कोऱ्या ‘जय हिंद’ला गिऱ्हाईक आहे. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला. तिकिटे मात्र चालू राहिली. भारतीय टपालखात्याने हैदराबादचे टपाल ताब्यात घेतले ते १ एप्रिल १९५० ला. मधल्या दीड वर्षात माणसे राजकीयदृष्ट्या मुक्त झालेली आणि पाकिटावर अजून निजामाचे सरकार चिकटलेले, अशी अवस्था होती. या दीड वर्षाने मला पकडले. आजोबांच्या वहीत त्या काळातली तिकिटे होती, पण पाण्यात भिजवून काढलेली. त्यांच्या पाठीमागचे पाकीट, पत्ता, गावाचा पूर्ण शिक्का, सगळे गेलेले. अर्धगोल शिक्क्यात दोन अक्षरे वाचता येतात आणि जालना की लातूर हे ठरवता येत नाही. मग मी सुटी तिकिटे घेणे थांबवले आणि त्या दीड वर्षातली अख्खी पाकिटे शोधू लागलो. विक्रेते सुरुवातीला हसले. चांगल्या अवस्थेतल्या सुट्या तिकिटापेक्षा पाकीट मळके, फाटके, आणि तरी मी पाकिटाला जास्त पैसे द्यायला तयार! आता तेच लोक आपणहून बाजूला काढून ठेवतात आणि भावही वाढवून सांगतात.

त्यातले एक पाकीट पत्रासकट मिळाले. पत्रावर तारीख ‘आझूर १३५८’ अशी. संस्थानात सरकारी कामकाज फसली सनात चाले. आझूर हा त्याचा पहिला महिना, ऑक्टोबरात सुरू होणारा, आणि १३५८ मध्ये ५९० मिळवले की १९४८. राज्य पडून जेमतेम महिना झालेला, पण लिहिणाऱ्याच्या हाताला अजून फसलीचीच सवय. मजकूर आठ-दहा ओळींचा. बार्शीला गेलेली मुलेमाणसे परत आली, घराचे कुलूप फोडलेले होते, भांडी गेली, बैल मात्र शेजाऱ्याने सांभाळले, ज्वारी बरी आहे. रझाकारांच्या भीतीने सीमेवरच्या गावांतली पुष्कळ कुटुंबे तेव्हा बार्शी-सोलापूरकडे गेली होती, हे पुस्तकांत वाचले होते. शेजाऱ्याने सांभाळलेले बैल पुस्तकात नव्हते. या पाकिटावरचे तिकीट भिजवून काढले तर बाजारात चहाच्या पैशांत मिळेल.

अण्णांच्या काळाविषयी मला थोडक्यात सांगायचे आहे, आणि त्यांनी मला माफ करावे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, भारताचा नकाशा असलेली नया पैशांची तिकिटे निघाली आणि शाळकरी अण्णांनी वहीचा ताबा घेतला. हाली, कलदार, नये पैसे अशी तीन चलने दहा वर्षांत एका वहीत आली. एवढे वगळले तर अण्णांची पाने रंगीत आहेत, पण त्यांत आमचे घर दिसत नाही. १९६०-७० च्या दशकांतल्या साऱ्या पोरांप्रमाणे त्यांनीही हंगेरीची ‘माग्यार पोस्टा’, रशियाचे अंतराळवीर आणि अजमान, शारजा यांची घोडे-फुलपाखरांची चकचकीत तिकिटे अदलाबदलीत जमवली. अजमानसारख्या अमिरातींनी ही तिकिटे पत्रांसाठी छापलीच नव्हती, ती छापली आमच्या अण्णांसारख्या मुलांसाठी; कित्येकांवरचा शिक्काही छापखान्यातच मारलेला असे. संग्राहकांत त्यांना आजही मान नाही. त्या पानांवर मी काही भर घातली नाही, काही काढलेही नाही.

त्यांची दोन तिकिटे मात्र मी जपतो. एक महर्षी कर्व्यांचे, १८ एप्रिल १९५८ चे, १५ नये पैसे. शंभराव्या वाढदिवसाला निघालेले हे तिकीट पाहायला अण्णासाहेब कर्वे स्वतः हयात होते. भारतीय तिकिटावर झळकलेले ते पहिले हयात भारतीय. दुसरे १९७१ चे, पाच पैशांचे, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असा ठसा मारलेले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी नोव्हेंबर १९७१ पासून जवळपास प्रत्येक पत्रावर हे जादा तिकीट लावावे लागे. घाईत ठिकठिकाणी स्थानिक ठसे मारले गेले, त्यामुळे अक्षरांचे वळण गावागणिक बदलते. अण्णांनी ही तिकिटे कचेरीतल्या टपालावरून मुठीमुठीने आणली होती. त्यांतले वेगवेगळे ठसे निवडून लावायला मला एक अख्खा पावसाळा पुरला.

गांधीजींच्या मालिकेची एक जागा रिकामी आहे, ती तशीच राहणार. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड, साडेतीन आणि बारा आण्यांची व दहा रुपयांचे अशी चार तिकिटे निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेली. पहिली तीन आहेत. दहा रुपये तेव्हा कारकुनाला परवडणारे नव्हते आणि आज त्या तिकिटाची जी किंमत आहे ती मला परवडणारी नाही. शिवाय त्याच्या नकला इतक्या झाल्या आहेत की तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेणे हा जुगार. रिकाम्या चौकटीची मला लाज वाटत नाही. आमच्या घराची ऐपत त्या चौकटीत नेमकी दिसते.

सांभाळण्याबाबत एवढेच सांगतो की आजोबांची वही मी उसवलेली नाही. डिंकाने लावलेले तिकीट सोडवायला गेले की पाठ सोलून निघते. पानांमध्ये आम्लरहित कागद घातला, डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या आणि पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो. अण्णांनी हौसेने घेतलेले प्लॅस्टिकचे अल्बम मात्र बाद केले, कारण त्या प्लॅस्टिकने तिकिटांचे रंग ओढून घेतले होते. ज्या वहीला सगळे नावे ठेवत ती जमाखर्चाची वही नव्वद वर्षे टिकली आणि विकतचे अल्बम तीस वर्षांत निकामी झाले.

मराठवाड्यातल्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात निजामाच्या काळातली पत्रे आणि पावत्या अजून असतील. मुलांना छंद लागावा म्हणून त्यांवरची तिकिटे कापू नका, पाण्यात टाकू नका. पाकीट पत्रासकट ठेवा, पावतीवरचे तिकीट पावतीवरच राहू द्या, आणि ते कुणी कुणाला पाठवले हे घरात ठाऊक असणारे माणूस आहे तोवर एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत सारा.