फायबर घराच्या किती जवळ आलंय?

पुलगाव मुंबई-नागपूर-हावडा रेल्वेमार्गावर आहे. रेलटेल ही कंपनी २००० पासून देशभर अशा रुळांच्या कडेनेच ऑप्टिकल फायबर नेते. मग फायबर गावाजवळून जात असूनही घरातला व्हिडिओ का अडकतो? बहुतेक वेळा उत्तर शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फायबर संपतं तिथून तुमच्या घरापर्यंतच्या अंतरात असतं.

जुन्या टेलिफोनची तांब्याची तार आठवा. जास्त माहिती पाठवायची तर जास्त फ्रिक्वेन्सी लागते, आणि तांब्यात फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका सिग्नल लवकर मरतो. मातीच्या पाटात पाणी मुरतं ना, तसंच. एडीएसएल२+ एक्स्चेंजच्या अगदी जवळ २४ एमबीपीएसपर्यंत जातं. चार-पाच किलोमीटरवर त्यातलं फार थोडं उरतं. व्हीडीएसएल२ तर १०० एमबीपीएस देतं, पण काही शे मीटरच्या आतच.

म्हणून उपाय सोपा वाटतो: फायबर पुढे सरकवा, तांबं कमी करा. आधी चौकातल्या पेटीपर्यंत, मग थेट घरापर्यंत.

घरोघरी फायबर देताना सहसा जीपॉन वापरतात. एका फायबरमधला प्रकाश स्प्लिटरने, समजा, ३२ घरांत वाटला जातो. गंमत बघा: २० किलोमीटर फायबरमध्ये प्रकाश साधारण ७ डेसिबलने घटतो, पण ३२ जणांत वाटल्यावर किमान १५ डेसिबलने! इथे अंतरापेक्षा वाटणी महाग पडते. वेगही वाटला जातो. सुमारे २.५ जीबीपीएस ३२ घरांनी एकदम वापरले, तर प्रत्येकी ७८ एमबीपीएस. तरीही तांब्यापेक्षा किती तरी बरं.

आता पुलगावच्या आसपासच्या खेड्यांकडे या. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचं मूळ उद्दिष्ट देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं होतं. पण पंचायतीचं कार्यालय म्हणजे तुमचं घर नव्हे. तिथून पुढे खांब, खोदाई, जोडणी आणि केबल तुटल्यावर धावत येणारा माणूस लागतो. घरं विखुरलेली असली की प्रत्येक जोडणीचा खर्च वाढतो.

तेव्हा ‘आमच्या गावात फायबर आलं’ असं कोणी म्हटलं, की एवढंच विचारा: नेमकं कुठपर्यंत? आणि तिथून पुढे काय?