हाताने फोकस करायच्या लेन्सची पंचाहत्तर वर्षे

१९४९ साली ड्रेस्डेनमध्ये 'कॉन्टॅक्स एस' हा कॅमेरा तयार झाला. लेन्स बसवायच्या तोंडाशी त्याला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते आणि एका फेऱ्यात लेन्स एक मिलिमीटर आत जाई. पुढच्या पंचवीस वर्षांत पूर्व व पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ आणि जपानमधल्या अनेक कारखान्यांनी हेच माप उचलले. 'एम४२' या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि एका देशाची लेन्स दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यावर बसू लागली. आट्यांच्या टेकूपासून फिल्मपर्यंतचे अंतर होते ४५.४६ मिलिमीटर. त्याला फ्लॅन्ज अंतर म्हणतात. जुन्या लेन्सचे पुढे जे काही झाले, ते बऱ्याच अंशी या एका आकड्यामुळे झाले.

या लेन्समधली काचरचना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. येना इथल्या कार्ल झाइस कंपनीत पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये सहा भिंगांची 'प्लॅनार' आणि १९०२ मध्ये चार भिंगांची 'टेसार' आखली. प्लॅनार कागदावर सरस होती, तरी तिला दीर्घकाळ मागे राहावे लागले. साध्या काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग असले की शंभरातला जेमतेम बहात्तर भाग पार जातो. उरलेल्यातला काही आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. हा अडसर १९३५ मध्ये दूर झाला. झाइसमधले भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तनरोधक पातळ लेप चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज ज्या जुन्या लेन्स हौशी लोक शोधत फिरतात, त्यांतल्या बहुतेक या लेपानंतरच्या आहेत आणि त्यामागे हे कारण आहे.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा येनात शिरल्या. हे शहर सोव्हिएत संघाच्या वाट्याला जाणार हे ठरलेले असल्यामुळे जुलैच्या आधीच त्यांनी झाइसमधले निवडक शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ पश्चिमेकडे हलवले. ओबरकोखेनची पश्चिम जर्मन झाइस त्यातून उभी राहिली. मागे उरलेल्या कारखान्यातली यंत्रसामग्री युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली, आराखडेही गेले. एका नावाच्या दोन कंपन्या झाल्या आणि नावाच्या हक्कावरून वर्षानुवर्षे खटले चालले. म्हणून काही निर्यात लेन्सवर पूर्ण नावाऐवजी नुसते 'आउस येना' आणि टेसारसाठी 'टी', बायोटारसाठी 'बी' असे एकेक अक्षर दिसते. बाजारात अशी लेन्स हाती आली तर ती नकली समजण्याचे कारण नाही.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात त्या आराखड्यांवरून काम पुढे चालू राहिले. युद्धापूर्वीच्या 'झोन्नार'वरून ज्युपिटर मालिका निघाली, तर ५८ मिलिमीटर एफ २ 'बायोटार'वरून 'हेलिओस-४४'. १९५८ पासून ती तयार होऊ लागली, पुढे वाल्दाय आणि मिन्स्कच्या कारखान्यांतही बनली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखोंनी जगभर गेली. जुन्या लेन्सच्या नादाला लागणाऱ्याची पहिली खरेदी आजही बहुधा हीच असते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहावे.

हेलिओस ४४-२ मध्ये चार गटांत सहा भिंगे आहेत. नळी धातूची, छिद्र आठ पात्यांचे आणि त्याला दोन कड्या. एका कडीने आकडा ठरवून ठेवायचा. दुसरीने छिद्र पूर्ण उघडून फोकस जुळवायचा आणि फोटो घेण्याआधी ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटवायचे. ही दुसरी कडी कुठे अडत नाही, टकटक करत नाही. आज व्हिडिओ करणाऱ्यांना नेमके तेच आवडते. वस्तू जवळ ठेवून, छिद्र पूर्ण उघडून, मागे काही मीटरवर झाडी येऊ दिली की या लेन्सची ख्याती कशात आहे ते कळते: पार्श्वभूमीतले प्रकाशाचे ठिपके चित्राच्या मध्याभोवती फेर धरतात. चौकटीच्या कडेला तिरपा येणारा प्रकाश नळीच्या पुढच्या व मागच्या काठांनी कापला जातो. गोल ठिपके त्यामुळे बदामी होतात आणि प्रत्येक बदाम मध्याभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने आडवा पडतो. छिद्र एफ ४ पर्यंत मिटवले की फेर जवळपास नाहीसा होतो आणि एक साधी, बऱ्यापैकी धारदार लेन्स उरते.

जपानची कथा वेगळ्या वाटेने गेली. १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निक्कॉर लेन्स वापरून पाहिल्या. त्या त्यांना इतक्या पटल्या की कोरियाच्या युद्धावर त्यांनी त्याच नेल्या. जर्मन काचेपुढे दुसरे काही नाही हा समज त्या फोटोंनी मोडीत काढला. असाही ऑप्टिकल कंपनीने १९५७ च्या पेंटॅक्ससाठी एम४२ आटे घेतले. तिच्या लेन्सना संस्थापकांचे भाऊ, अमेरिकेत स्थायिक झालेले छायाचित्रकार-चित्रकार ताकुमा काजिवारा यांच्या नावावरून 'ताकुमार' म्हणत. यांत्रिक कारागिरीपुरते बोलायचे तर ताकुमारच्या तोडीच्या लेन्स त्या किमतीत कोणीच केल्या नाहीत. पन्नास वर्षांनंतरही चांगल्या नमुन्याची फोकसकडी एकसारख्या मऊ अवरोधाने फिरते, मध्ये कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. १९७१ पासून ताकुमारला सात थरांचा लेप मिळाला. पुढच्या कडीवर 'सुपर-मल्टि-कोटेड' असे कोरलेले नमुने उन्हाच्या दिशेने फोटो काढताना आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे उजवे ठरतात.

ताकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे. थोरियम ऑक्साइडने काचेचा अपवर्तनांक वाढतो आणि रंगांची फाटाफूट मात्र कमी राहते, म्हणून अनेक कंपन्यांनी त्या काळात ती वापरली. थोरियम किरणोत्सारी आहे. वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने काचेत रंगकेंद्रे तयार होतात आणि ती चहासारखी पिवळट दिसू लागते. लेन्स काही आठवडे उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा बराचसा उतरतो. उन्हात ठेवताना काच सूर्याकडे रोखलेली नाही ना, जवळ पेट घेणारे काही नाही ना, हे पाहावे लागते. शेवटी ते भिंगच आहे. फोटो काढण्यापुरता या काचेचा धोका नगण्य मानला जातो, पण ती घासणे किंवा फोडणे मात्र टाळावे.

सत्तरच्या दशकात आट्यांची जागा बेयोनेट जोडणीने घेतली. पाव फेऱ्याहून कमी वळणात लेन्स बसू लागली, छिद्राची माहिती कॅमेऱ्याला मिळू लागली. कॅननची एफडी, ऑलिंपसची ओएम, १९७५ मध्ये पेंटॅक्सची के, मिनोल्टाची स्वतःची. प्रत्येक घर वेगळे झाले. मग १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. शरीरातच स्वयंफोकस असलेल्या या कॅमेऱ्याच्या यशाने बाजार फिरला. १९८७ मध्ये कॅननने ईओएस प्रणाली आणून एफडी जोडणीला राम राम ठोकला आणि लाखो ग्राहकांच्या लेन्स एका रात्रीत अनाथ झाल्या. निकॉनने आपली १९५९ ची एफ जोडणी चालू ठेवली. जुन्या गिऱ्हाइकाशी इमान राखणारा हा निर्णय होता. तरी हाताने फोकस करण्याची सोय सर्वत्र आटली. दुभंगलेली प्रतिमा जुळवून फोकस दाखवणारा मधला प्रिझम नव्या कॅमेऱ्यांच्या काचेवरून गेला, स्वयंफोकस लेन्सच्या कड्या अरुंद आणि थोड्याच अंशांत फिरणाऱ्या झाल्या. पुढची वीस वर्षे जुन्या लेन्स कपाटात, अडगळीत आणि मातीमोल भावात पडून राहिल्या.

त्यांचे पुनरागमन मुळात मिलिमीटरच्या हिशेबाने झाले. जुन्याची ओढ त्यात नंतर मिसळली. लेन्सला अनंतावर फोकस साधायचा तर ती मूळच्या अंतरावरच बसली पाहिजे. ईओएसचे फ्लॅन्ज अंतर ४४ मिलिमीटर. म्हणजे दीड मिलिमीटर जाडीच्या कडीवर एम४२ लेन्स नीट बसते. निकॉनचे ४६.५, तिथे मध्ये जादा भिंग घातल्याशिवाय जमत नाही. डिजिटल युगातले पहिले हौशी म्हणूनच कॅननकडे वळले, विशेषतः २००५ मध्ये पूर्ण चौकटीचा ५डी आल्यावर. गंमत अशी की कॅननच्याच एफडी लेन्सचे अंतर ४२ असल्यामुळे त्यांना स्वतःच्या घरात जागा नव्हती.

हा पेच कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकल्यावर सुटला. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ या आरसाविरहित कॅमेऱ्याने अंतर वीस मिलिमीटरच्या आत आणले. २०१० मध्ये सोनीची १८ मिलिमीटरची ई जोडणी आली आणि २०१३ मध्ये त्याच जोडणीवर पूर्ण चौकटीचा ए७. आता जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स चालू शकत होती. मधली पोकळी भरायला भिंग नसलेली धातूची नळी पुरे. एफडी लेन्सना वीस वर्षांनी घर मिळाले आणि त्यांचे भाव चढू लागले. दृश्यदर्शकात चित्र दहापट मोठे करून पाहता येऊ लागले, धारदार कडा रंगीत रेघांनी दाखवणारे 'फोकस पीकिंग' आले. डोळ्यांवर भरवसा न राहिलेल्या वयातही हाताने अचूक फोकस करता येऊ लागला, ही या तंत्राची मोठी देणगी आहे. एक मर्यादा मात्र राहिली. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या रुंदकोन लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ असे. तिच्यातून फार तिरपे येणारे किरण संवेदकावरच्या जाड गाळणीत फिसकटतात आणि चित्राचे कोपरे सारवल्यासारखे दिसतात.

गेल्या पंधरा वर्षांत या छंदाची स्वतःची चव घडली आहे. आखणारे ज्या दोषांशी आयुष्यभर झगडले, तेच आता गुण म्हणून विकत घेतले जातात. माइअर-ऑप्टिक ग्योर्लिट्सची १०० मिलिमीटर ट्रायोप्लान ही तीन भिंगांची साधी लेन्स. तिच्यातले गोलीय विपथन वाजवीपेक्षा जास्त दुरुस्त झालेले असल्याने पार्श्वभूमीतल्या ठिपक्यांच्या कडा उजळतात आणि साबणाच्या फुग्यांसारखे दृश्य तयार होते. या एका दोषावर तिचा भाव अनेक पटींनी वाढला. २०१३ मध्ये लोमोग्राफीने १८४० सालच्या पेट्झवाल रचनेची नवी लेन्स लोकवर्गणीतून बाजारात आणली. १९९९ पासून जपानची कोसिना फोइग्टलेंडर या जुन्या नावाने हाताने फोकस करायच्या नव्या लेन्स बनवतेच आहे.

या चवीला आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो सैल वर्णनांना. 'त्रिमिती उठाव', 'जर्मन रंग' असे शेरे सहज मारले जातात, पण एकाच तिपाईवरून, एकाच छिद्रावर, एकाच उजेडात दोन लेन्स शेजारी तपासल्या की त्यांतले पुष्कळसे विरून जाते. उरते ते बहुधा लेपाचे वय, आतली धूसर झाक किंवा पूर्वी कोणीतरी उघडून वाकडे बसवलेले भिंग. पन्नास वर्षांच्या वस्तूंत एकाच नावाचे दोन नमुने सारखे नसतात, म्हणून एका नमुन्यावरून कारखान्याचे गुणगान किंवा बदनामी करणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रात या छंदाचा खरा शत्रू पावसाळा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर बंद पिशवीत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे तंतू हमखास पसरतात. बुरशी काचेवरच्या धुळीवर आणि तेलाच्या अंशावर वाढते, आणि तिचे आम्ल लेप खाते. तंतू पुसता येतात, खाल्लेला लेप परत येत नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे कोरडे कपाट सर्वांत चांगले. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळच्या वेळी तापवून सुकवलेले सिलिका जेल. चामड्याची जुनी म्यान कितीही देखणी असली तरी ती ओल धरते, तिच्यात लेन्स ठेवू नये.

फोर्टमधल्या बोरा बाजारातून घ्यायची असो की परदेशातून मागवायची असो, लेन्स घेताना दोन्ही झाकणे काढून ती छोट्या टॉर्चवर धरावी आणि तिरप्या उजेडात तंतू, झाक, ओरखडे पाहावेत. छिद्राची पाती कोरडी हवीत. तेल दिसले तर ती पुढेमागे चिकटणार. फोकसकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसतो. या कसोट्यांवर उतरलेली ताकुमार ५५ मिलिमीटर एफ १.८ ही सुरुवातीसाठी आजही सर्वांत चांगली निवड आहे: बांधणी एफ १.४ च्याच दर्जाची, किंमत बरीच कमी. फेर धरणारी पार्श्वभूमीच हवी असेल तर हेलिओस घ्यावी, पण ती दुसरी.